वाळूतल्या गप्पा : दोन नंबरचा ड्रायव्हर



मागच्या खेपेला वाळवणाच्या पापडांवर लिहिलं होतं, आज एकदम पेट्रोलच्या वासाचा विषय काढतोय, तेव्हा जरा सांभाळून घ्या. फॉर्म्युला वन या विषयावर आमच्या घरात दोन तट आहेत. एका तटात मी, दुसऱ्यात बाकी सगळे. आमच्या सौ.चं म्हणणं असं की वीस-बावीस माणसं दीड तास त्याच त्या रस्त्यावरून गोल गोल फिरतात आणि जिथून निघाली तिथेच येऊन पोचतात, यात बघायचं काय? मी म्हटलं, आपण गेली कित्येक वर्षं अबुधाबी-मुसाफा-अबुधाबी करतोय ते वेगळं काय आहे? त्या दिवशी चहा मिळाला नाही.

असो. तर सांगायचा मुद्दा असा की या खेळातली खरी गंमत गाडी पळताना कमी आणि थांबताना जास्त आहे. आज त्या थांबण्याबद्दल लिहायचंय. आणि ओघात आमच्या दादाबद्दल. दोन्हींचा संबंध काय ते शेवटी कळेल. जाणकारांनी पुढचे चार परिच्छेद ओलांडून गेलं तरी चालेल.

गाडी ताशी तीनशेच्या वेगाने येते आणि पिटच्या गल्लीत शिरताना ८० वर आणावी लागते, मोनाकोसारख्या अरुंद ठिकाणी ६० वर. ठरलेल्या खुणेवर ती थांबली की वीसेक माणसं तिच्यावर तुटून पडतात. प्रत्येक चाकाला तिघं. एक नट सोडवणारा, एक जुनं चाक ओढणारा, एक नवं बसवणारा. पुढे एक जॅकवाला, मागे एक, मधे गाडी हलू नये म्हणून धरणारे दोघं. चाकाला नट एकच. चारही चाकं बदलून गाडी सुटते ती साधारण अडीच सेकंदात. २०२३ मध्ये कतारला मॅकलरेनने लँडो नॉरिसची चारही चाकं १.८० सेकंदात बदलली. मला एकदा अल ऐनच्या रस्त्यावर एक स्टेपनी लावायला पाऊण तास लागला होता, आणि तोही एका पठाण टॅक्सीवाल्याने दया येऊन मदत केली म्हणून.

पण हिशोब नुसत्या अडीच सेकंदांचा नसतो. त्या गल्लीतून हळूहळू जाण्यायेण्यात एकूण वीस-बावीस सेकंद जातात. म्हणजे थांबणं हा खर्च आहे. मग थांबायचं कशाला? तर टायर झिजतात, आणि कोरड्या शर्यतीत किमान दोन प्रकारचे टायर वापरायची सक्तीच असते. मऊ टायर लाल पट्ट्याचा, वेगवान पण अल्पायुषी. कडक टायर पांढऱ्या पट्ट्याचा, हळू पण चिवट. मधला पिवळा. कुठला, कधी आणि किती लॅपसाठी, हे ठरवणारी माणसं भिंतीपाशी स्क्रीनसमोर बसलेली असतात. ड्रायव्हरला फक्त रेडिओवरून एक शब्द येतो, 'बॉक्स'. म्हणजे आत ये.

आता याच्यातली मुख्य खेळी. समजा तुम्ही पुढच्या गाडीच्या दीड सेकंद मागे आहात आणि काही केल्या पुढे जाता येत नाही. आमच्या सांगलीकडच्यांना हे चटकन कळेल. डिसेंबर-जानेवारीत कारखान्याला निघालेली ऊसाची ट्रॉली पुढे असली की मागचा माणूस कितीही मोठी गाडी घेऊन आला तरी त्याला ट्रॉलीचा वेग पत्करावा लागतो. तर अशा वेळी तुम्ही आधी पिटमध्ये जायचं, ताजे टायर घ्यायचे आणि मोकळ्या रस्त्यावर एक लॅप जीव तोडून मारायचा. पुढचा अजून जुन्या टायरवर घसरतोय, तुम्ही त्याच्यापेक्षा लॅपला दोन सेकंदांनी जलद. पुढच्या लॅपला तो थांबून बाहेर येतो तेव्हा तुम्ही त्याच्या पुढून गेलेले असता. रस्त्यावर कुणाला ओलांडलं नाही, भांडण नाही, हॉर्न नाही. याला म्हणतात अंडरकट. कधी उलटही जमतं. तो थांबलेला असताना तुम्ही बाहेरच राहायचं आणि रिकाम्या रस्त्याचा फायदा घ्यायचा. ते ओव्हरकट.

आणि हे सगळं गणित एका नटापाशी अडू शकतं. २०२१ मध्ये मोनाकोला मर्सिडीजचा बोटास दुसऱ्या नंबरवर होता. पिटमध्ये आला, आणि पुढच्या उजव्या चाकाचा नट असा काही घासला गेला की चाक निघेचना. शर्यत तिथेच संपली. ते चाक सुटलं दोन दिवसांनी, इंग्लंडात, ब्रॅकलीच्या कारखान्यात.

माझी या खेळाशी ओळख दादाने करून दिली. १९९८ चा ऑगस्ट. मी पहिल्या सुट्टीवर सांगलीला आलो होतो. बाहेर पाऊस, बाबा पलंगावर, अर्धांगवायू होऊन दीड वर्ष झालेलं. दादा कारखान्यातून येऊन हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसला. केबलवर हंगेरीची शर्यत लागली होती. मला वाटलं, बातम्या लावेल. म्हणाला, "गप बस, हे बघ. हा डोक्याचा खेळ आहे."

तेव्हा शर्यतीत मधेच पेट्रोलही भरता यायचं. १९९४ ते २००९ असं ते चाललं. सेकंदाला सुमारे १२ लिटर ओतणारा जाडजूड पाइप. टाकीत पेट्रोल कमी म्हणजे गाडी हलकी, आणि ढोबळ हिशोबाने दहा किलो पेट्रोल कमी झालं की लॅपमागे तीन दशांश सेकंद वाचतात. त्यामुळे प्रश्न असा असायचा की दोनदा थांबून जड गाडी चालवायची की तीनदा थांबून हलकी?

त्या दिवशी पुढे दोन्ही मॅकलरेन, हॅकिनन आणि कुल्टहार्ड. मागे फेरारीचा शूमाकर. हंगेरीचा रस्ता म्हणजे आपला कुंभार्ली घाटच, ओलांडायला जागा नाही. फेरारीच्या रॉस ब्रॉनने ऐन शर्यतीत बेत बदलला आणि दोनाऐवजी तीन थांबे ठरवले. मग रेडिओवरून शूमाकरला सांगितलं की १९ लॅप आहेत, २५ सेकंद काढ. म्हणजे दर लॅपला पुढच्यामागच्या सगळ्यांपेक्षा सव्वा सेकंदाहून जास्त जलद, १९ वेळा, एकही चूक न करता. एकदा तो रस्ता सोडून गवतात गेलासुद्धा. दादा पलंगाच्या कडेला बसून बाबांचा हात चोळत होता, तो चोळायचा थांबला. शूमाकरने काढले ते सेकंद. तिसरा थांबा घेऊनही तो पहिला बाहेर पडला आणि जिंकला. कुल्टहार्ड दुसरा. हॅकिननची गाडी बिघडून तो सहावा आला.

दादा म्हणाला, "बघितलंस? जादा थांबला तोच जिंकला." मग परत हात चोळायला लागला.

पुढे २००४ मध्ये फ्रान्सला याच ब्रॉनने शूमाकरला चार वेळा थांबवून अलोन्सोला हरवलं. पण तोपर्यंत दादाचं शूमाकरवरचं प्रेम आटलं होतं. त्याचं कारण २००२ चं ऑस्ट्रिया.

इथे थोडं मागे जातो. प्रत्येक टीमचे ड्रायव्हर दोन. गाडी सारखी, कपडे सारखे, पगार सारखे नाहीत. टीमसाठी दोघांचेही गुण मोजतात आणि ड्रायव्हरचं विजेतेपद मात्र एकालाच मिळतं. म्हणजे तुमचा पहिला प्रतिस्पर्धी तुमच्याच गॅरेजमध्ये, शेजारच्या खुर्चीवर. अशा वेळी टीमने एकाला पुढे काढायचं ठरवलं की दुसरा होतो दोन नंबरचा. (आपल्याकडे दोन नंबरचा म्हटलं की वेगळाच अर्थ निघतो, पण इथे पैसे वगैरे काही नसतात, उलट कमीच मिळतात!)

१२ मे २००२. फेरारीचा बॅरिकेलो पहिल्या जागेवरून सुटला आणि जवळजवळ पूर्ण शर्यत पुढे राहिला. मागे शूमाकर. त्या वर्षीच्या पहिल्या पाच शर्यतींपैकी चार शूमाकरने आधीच जिंकलेल्या. म्हणजे घाई नव्हती. तरी टीमने बॅरिकेलोला सांगितलं की बाजूला हो. तो झाला. कसा, तर शेवटच्या लॅपला, शेवटच्या सरळ रस्त्यावर, रेषा डोळ्यांसमोर दिसत असताना त्याने पाय काढला. साऱ्या जगाला दिसेल असा. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. शूमाकरला लाज वाटली असावी, त्याने बॅरिकेलोला ढकलून वरच्या पायरीवर उभं केलं आणि ट्रॉफी त्याच्या हातात दिली. दंड झाला तो या पायरीच्या अदलाबदलीबद्दल, दहा लाख डॉलर, त्यातला निम्मा स्थगित. शूमाकरने ते विजेतेपद जुलैमध्येच खिशात टाकलं, मोसमाच्या सहा शर्यती शिल्लक असताना. म्हणजे ऑस्ट्रियाच्या त्या चार गुणांची गरज नव्हतीच.

त्या रात्री मी प्रीपेड कार्ड खरवडून सांगलीला फोन लावला. मी शूमाकरच्या बाजूने. टीम आहे, टीममध्ये असं करावं लागतं, प्रोफेशनल माणसाने भावनेत अडकू नये वगैरे. तेव्हा मी नवीनच टीम लीडर झालो होतो, त्यामुळे तोंडात असले शब्द खूप होते. दादा ऐकत राहिला. मग म्हणाला, "टीमचं बरोबर असेल रे. पण आता आयुष्यभर लोक काय म्हणणार? शूमाकर जिंकला. बॅरिकेलो दुसरा आला." कार्डातले पैसे संपले आणि फोन कटला.

२००३ पासून टीमने असे हुकूम द्यायला नियमाने बंदी आली. बंदी आली की काय होतं हे आपल्याला माहीतच आहे. हुकूम सांकेतिक भाषेत जायला लागले.

२५ जुलै २०१०, हॉकेनहाइम, जर्मनी. फेरारीचा फेलिपे मासा पुढे, अलोन्सो मागे. या मासाची मागची हकिगत ऐका. २००८ मध्ये सिंगापूरला तो पहिला असताना पिटमध्ये दिवा वेळेआधी हिरवा झाला आणि तो पेट्रोलचा पाइप गाडीला लोंबकळत ठेवूनच निघाला. तेराव्या नंबरवर आला. त्या वर्षीचं विजेतेपद हॅमिल्टनकडे गेलं, ९८ विरुद्ध ९७, एका गुणाने. पुढच्या वर्षी, २५ जुलै २००९ ला, हंगेरीत पुढच्या गाडीतून उडालेली स्प्रिंग त्याच्या हेल्मेटवर आदळली. कवटीला इजा झाली आणि उरलेला मोसम गेला. (ती पुढची गाडी बॅरिकेलोची होती. योगायोगसुद्धा कसे असतात बघा.) आणि आता बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेला, तो पुन्हा जिंकायच्या बेतात होता. ४९ व्या लॅपला त्याच्या इंजिनिअरने रेडिओवर सांगितलं की फर्नांडो तुझ्यापेक्षा फास्ट आहे, कळलं ना? बस. हुकूम नाही, नुसती माहिती. मासाने पाय काढला. नंतर त्याच इंजिनिअरने रेडिओवरून सॉरी म्हटलं. फेरारीला एक लाख डॉलर दंड झाला. अलोन्सोला पहिल्या नंबरचे २५ मिळाले, नाहीतर १८ मिळाले असते. म्हणजे सात गुणांची कमाई.

त्याच महिन्यात, सिल्व्हरस्टोनला, रेड बुलने वेबरच्या गाडीचा नवा पुढचा पंख काढून व्हेटेलला दिला होता. वेबर जुन्या पंखावर जिंकला आणि रेडिओवर म्हणाला की दोन नंबरच्या ड्रायव्हरच्या मानाने वाईट नाही! हे वाक्य दादाने त्याच्या वहीत लिहून ठेवलंय.

आता खरी गोष्ट.

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. १९९६ मध्ये मिरजेच्या एमआयडीसीत नोकरी करत असताना त्याने गल्फची मुलाखत दिली, पास झाला, पासपोर्ट काढला. अबुधाबीच्या कंपनीचं पत्र आलं. आणि फेब्रुवारी ९७ मध्ये बाबा पडले. उजवी बाजू गेली. घरात आई, बाबा आणि नुकतं लग्न झालेले दादा-वहिनी. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत चिकटलेलो. दादाने कुणाला न विचारता मुंबईला जाऊन एजंटला गाठलं आणि म्हणाला, "मला जमत नाही, माझ्या भावाची मुलाखत घ्या." मी त्याच कंपनीत, त्याच एजंटमार्फत इथे आलो. निघताना दादा म्हणाला, "तू हो पुढे. माझं बघू पुढच्या वर्षी." ते पुढचं वर्ष काही आलं नाही. बाबा बारा वर्षं अंथरुणावर होते. दादाचा पासपोर्ट २००६ मध्ये एकही शिक्का न पडता संपला. त्याने नवा काढला, तोही कपाटात.

बाबा २००९ मध्ये गेले. पुढच्या वर्षी मी हट्टाने दादा-वहिनींना इथे बोलावलं. दिवाळी झाली की लगेच, नोव्हेंबर २०१०. ऑफिसमधल्या एकाकडून यास मरीनाची दोन तिकिटं मिळवली होती. शर्यतीच्या आदल्या रात्री आमच्याकडे फराळाला मंडळी जमली. कुणीतरी सहज विचारलं, "तुमचे बंधू कधी इकडे आले नाहीत का?" आणि मी, गेली तेरा वर्षं जे उत्तर देत आलो तेच दिलं. म्हटलं, "आमच्या दादाला सांगली सोडवतच नाही हो. त्याला बाहेरची हौसच नाही." सगळे हसले. दादाही हसला. वहिनी चकलीचा डबा घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी, १४ नोव्हेंबरला, संध्याकाळी पाचची शर्यत. मोसमातली शेवटची. चौघांना संधी होती. अलोन्सो २४६, वेबर २३८, व्हेटेल २३१, हॅमिल्टन २२२. व्हेटेल जिंकला तरी अलोन्सोला चौथा नंबर पुरेसा होता, आणि सुटताना तो तिसरा होता. म्हणजे काही न करता बसला असता तरी चाललं असतं. पण फेरारीची सगळी नजर वेबरवर. जवळचा प्रतिस्पर्धी तोच ना! वेबर पाचव्या जागेवरून सुटलेला, त्याने ११ व्या लॅपला टायर बदलले. आता हा अंडरकट करणार या धास्तीने फेरारीने १५ व्या लॅपला अलोन्सोला आत घेतलं. यासला पिटमधून बाहेर पडायचा रस्ता बोगद्यातून जातो. अलोन्सो त्या बोगद्यातून वर आला तो वेबरच्या पुढे. फेरारीचं काम फत्ते!

फक्त त्याच्यापुढे आता पेट्रोव्ह होता. रेनोचा पहिल्या वर्षाचा रशियन पोरगा. सुरुवातीला अपघात होऊन सेफ्टी कार आली होती, तेव्हा त्याने आणि रोझबर्गने पहिल्याच लॅपला आपला थांबा उरकून टाकला होता. त्याला आता थांबायचंच नव्हतं. आणि सरळ रस्त्यावर ती रेनो भलतीच पळत होती. चाळीस लॅप, मंडळी. चाळीस लॅप अलोन्सो त्याच्या मागे. दर वेळी जवळ यायचा, वळणावर चुकायचा, परत मागे पडायचा. आमच्या पुढच्या रांगेतले लाल टोपीवाले उभे राहून ओरडत होते, मग नुसते उभे राहिले, मग बसले.

दादा म्हणाला, "ही तर ऊसाची ट्रॉली झाली की रे."

पुढे व्हेटेल एकटाच निघून गेला होता. तो जिंकला. २३ वर्षांचा, सगळ्यात तरुण विजेता, आणि गंमत म्हणजे वर्षभरात एकदाही तो गुणतक्त्यात पहिला नव्हता, शेवटच्या दिवशीच झाला. अलोन्सो सातवा, वेबर आठवा. व्हेटेल २५६, अलोन्सो २५२. फेरारीने ज्याला धरून ठेवलं तो धोका नव्हताच. ज्याच्याकडे बघितलं नाही तो जिंकून गेला.

आतषबाजी सुरू झाली. आम्ही बसूनच. दादाने तिकिटाच्या मागे पेनने आकडेमोड केली. म्हणाला, "सात घेतले होते त्या मासाकडनं. गेलं चारानं. कुणाच्या उपयोगी पडले?"

मी म्हटलं, "दादा, तेव्हा त्यांना काय माहीत? टीमला निर्णय घ्यावाच लागतो."

"निर्णयाचं काही नाही रे," दादा म्हणाला. "टीम म्हटली की कुणीतरी बाजूला व्हायचंच. मासा झाला. त्याचं दुखत नाही. पण त्याला काय सांगितलं? तो तुझ्यापेक्षा फास्ट आहे. आता हा सगळ्यांना स्लो म्हणूनच लक्षात राहणार. बाजूला झालास म्हणाले असते तर चाललं असतं. हा स्लोच होता म्हणतात ना, ते लागतं."

तो माझ्याकडे बघत नव्हता, समोर आतषबाजीकडे बघत होता. मला आदल्या रात्रीची चकली आठवली. मी काही बोललो नाही. पार्किंगमधून बाहेर पडायला दोन तास लागले, तेव्हाही नाही. रेडिओवर गाणी लावली.

मग मी काय केलं? जे शूमाकरने केलं तेच. वरच्या पायरीवर ढकलायला लागलो. मोठा टीव्ही पाठवला. घराच्या वरच्या मजल्याचे पैसे पाठवले. पुतणीच्या इंजिनिअरिंगची फी भरली. दादाने दर वेळी आभार मानले. टीव्हीबद्दल एवढंच म्हणाला, "टीव्ही मोठा आहे, भिंत लहान पडते." पण जे बोलायचं होतं ते राहिलं, वर्षामागून वर्षं.

त्या बंदीचं म्हणाल तर २०११ मध्ये ती काढूनच टाकली. आता हुकूम उघड चालतात, सगळ्यांना ऐकू येतात. २०२४ मध्ये हंगेरीत मॅकलरेनने नॉरिसला पिआस्त्रीच्या आधी पिटमध्ये घेतलं, आपोआप अंडरकट झाला, मग त्याला जागा परत करायला सांगितलं. बऱ्याच लॅप विनवण्या झाल्यावर शेवटी शेवटी त्याने केली. पिआस्त्री आयुष्यात पहिल्यांदा जिंकला. सप्टेंबर २०२५ मध्ये माँझाला बरोबर उलट. नॉरिसने आधी पिआस्त्रीला थांबू दिलं, मग नॉरिसच्या चाकाला वेळ लागला, जवळजवळ सहा सेकंद, आणि पिआस्त्री पुढे गेला. टीमने पिआस्त्रीला सांगितलं, जागा परत दे. तोही विजेतेपदाच्या शर्यतीत होता, तेव्हा तर गुणतक्त्यात पहिला होता. चाक अडकलं हा काही त्याचा दोष नव्हता. तरी त्याने दिली. नॉरिस दुसरा, पिआस्त्री तिसरा. तीन गुणांचा फरक.

७ डिसेंबर २०२५. शेवटची शर्यत परत यासलाच. या वेळी मी घरीच होतो, आणि टॅब उभा करून दादाशी व्हिडिओ कॉल लावला होता. त्याच्याकडे साडेसहा, माझ्याकडे पाच. व्हर्स्टॅपेन जिंकला, पिआस्त्री दुसरा, नॉरिस तिसरा. आणि एकूण बेरजेत नॉरिस ४२३, व्हर्स्टॅपेन ४२१. दोन गुणांनी नॉरिस जगज्जेता.

पलीकडे दादाने चष्मा वर केला. मला कळलं की आता वही निघणार. "माँझाचे तीन काढ," तो म्हणाला. मी काढले. ४२०. व्हर्स्टॅपेन एका गुणाने जिंकला असता.

"म्हणजे त्या पोराने दिलेल्या तीनावर हा चॅम्पियन झाला," दादा म्हणाला. "या वेळी उपयोगी पडले."

स्क्रीनवर नॉरिस रडत होता. माझं काय झालं कुणास ठाऊक. म्हटलं, "दादा, ९७ मध्ये तू स्लो नव्हतास. तू बाजूला झालास. मी लोकांना उलटंच सांगत आलो."

पलीकडे आवाज नाही. मला वाटलं नेट गेलं. मग दादा म्हणाला, "माहीत आहे लेका. थांब, दूध उतू जातंय." आणि उठून गेला. पाच मिनिटांनी वहिनी स्क्रीनवर आल्या. म्हणाल्या, "भावजी, काय बोललात ह्यांना? आत ओट्यापाशी नुसते उभे आहेत. दूध तर कधीच तापवून झालंय."

तर मंडळी, एवढंच. पुढच्या महिन्यात आमच्याकडे परत फराळाची मंडळी जमतील, परत कुणीतरी विचारेल की तुमचे बंधू इकडे का नाही आले. या वेळी खरं उत्तर द्यायचं ठरवलंय. जरा लांबेल, पण चहा होईपर्यंत वेळ असतो. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी असं कुणी थांबलंय ते मला माहीत नाही, पण आपण एवढे सगळे इथे आहोत म्हणजे तिकडे कुणीतरी थांबलेलं असणारच.

पुढच्या वेळी परत खाण्याकडे वळू. अबुधाबीत चांगली कोथिंबीरवडी कुठे मिळते यावर माझं संशोधन चालू आहे.

कळावे, लोभ असावा.